वैराचा वारस कोण?

1791 सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, श्रावणमासाची दक्षिणा पदरात पडल्यावर पुण्याहून परतीच्या वाटेला लागलेल्या तैलंग ब्राह्मणांचा एक घोळका शहर कोतवाल घाशीराम सावळदास याच्या बागेच्या आश्रयाने उतरला असता, त्यांनी बागेतील फळफळावळीला हात लावल्याचा बोभाटा झाला आणि कोतवालाच्या प्याद्यांनी त्यांना धरून एका कोंदट, भुयारवजा कोठडीत डांबले. रात्र उलटली तेव्हा आतली बहुतेक माणसे गुदमरून गतप्राण झालेली होती. मृतांचा आकडा बहुतेक वृत्तान्त 21 असा देतात. सरदार मानाजी फाकडे यांनी ही वार्ता पेशव्यांच्या कानी घातली, शहरातील तैलंग ब्राह्मणांनी वाड्यापुढे आणि नाना फडणीसांपुढे आक्रोश मांडला, आणि घाशीराम हा नानांच्या विश्वासातला, पंधरा-एक वर्षे शहराची कोतवाली निर्धास्तपणे चालविणारा असामी असूनही, त्याला वाचविणे आता नानांच्याही हाताबाहेर गेले. न्यायाधीश अय्याशास्त्री यांचा निवाडा झाला, शहरातून धिंड निघाली, आणि 31 ऑगस्ट रोजी कोतवालाला तैलंग ब्राह्मणांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून ठार केले.

विजय तेंडुलकरांच्या नाटकाने 1972 पासून हे नाव मराठी माणसाच्या जिभेवर पुनः आणले. परंतु नाटककाराला जे हवे होते ते सत्तेचे चित्र होते, आणि इतिहासाकडे कायद्याच्या अंगाने पाहणाऱ्याचे लक्ष मात्र त्या शेवटच्या कृतीवरच खिळून राहते. शिक्षा सरकारने ठरविली आणि अंमलात आणली ती फिर्यादींनी, असे का व्हावे? पुण्यात जल्लाद नव्हते असे नाही. टकमकीवरून लोटण्याचे, हत्तीच्या पायी देण्याचे, हातपाय तोडण्याचे शासन त्या काळी परिचयाचे होते. माझा तर्क असा आहे की घाशीराम हा स्वतः कनोजी ब्राह्मण होता, यात या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ब्राह्मणास देहदंड द्यावयाचा नाही ही पेशवाईतील रूढ मर्यादा. अपराधी ब्राह्मण असला तर त्याला एखाद्या डोंगरी किल्ल्यावर अडकवून तेथील हवापाण्याच्या हवाली करावयाचे, ही वहिवाट. वाड्याच्या दाराशी खवळलेल्या जमावाला किल्ल्यावरची कैद पुरणार नव्हती, आणि सरकारला आपल्या हाताने ब्रह्महत्या नको होती. तेव्हा ज्यांचे रक्ताचे माणूस गेले त्यांच्याच हाती रक्त सोपवून सरकार बाजूला सरले. उरलेले निम्मे उत्तर याहून कमी सोवळे आहे: कोतवाल मेला की कोतवालाला नेमणाऱ्याची आणि पाठीशी घालणाऱ्याची चौकशीही त्याच्याबरोबर संपते.

ज्याने जे केले तेच त्याला भोगावयास लावणे, या तत्त्वाला रोमन कायदेपंडितांनी जे नाव दिले तेच आज जगभरच्या कायद्याच्या ग्रंथांतून चालते: लेक्स टॅलिओनिस, म्हणजे टॅलिओचा कायदा. लॅटिनमध्ये ‘टॅलिस’ म्हणजे ‘तसा, त्या प्रकारचा’. त्यावरूनच ‘टॅलिओ’, म्हणजे जशास तसा परतफेडीचा घाव, अशी व्युत्पत्ती जुने व्युत्पत्तिकार देत आले. ख्रिस्तपूर्व 450 च्या सुमारास रोममध्ये बारा पट्टांवर कायदा कोरण्यात आला, त्यात अवयव तोडणाऱ्यास हा टॅलिओ सांगितला होता. पण त्यातच अशी अट होती की दोन्ही पक्षांत तडजोड झाली नाही तरच तो लागू व्हावा. म्हणजे ज्या ठिकाणी हे नाव जन्मास आले तेथेच घावाच्या आधी समेटाचा दरवाजा उघडा ठेविलेला होता, ही गोष्ट हे नाव तलवारीसारखे परजणारे लोक सहसा सांगत नाहीत.

तत्त्व मात्र रोमहून पुष्कळ जुने. 1901–02 च्या हिवाळ्यात इराणातील सूसा येथे फ्रेंच उत्खननकारांना काळ्या दगडाचा एक स्तंभ सापडला आणि बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे कायदे जगापुढे आले. त्यात डोळ्याच्या बदल्यात डोळा आहे, हाडाच्या बदल्यात हाड आहे. पण ते प्रतिष्ठित माणसाने प्रतिष्ठित माणसाला इजा केली तर. सामान्य माणसाचा डोळा फोडला तर एक मिना चांदी, आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीची निम्मी रक्कम. गवंड्याने बांधलेले घर कोसळून घरमालकाचा मुलगा दगावला तर गवंड्याच्या मुलाला मारावे, असेही एक कलम त्यात आहे. मोशेच्या नावाने चालणाऱ्या यहुदी धर्मशास्त्रात हे डोळ्यास डोळा आले खरे, पण बापाच्या अपराधासाठी मुलाला मारू नये असा स्पष्ट निर्बंधही त्यात आला. आणि पुढे तल्मुदकार पंडितांनी डोळ्याचा अर्थ डोळ्याची किंमत असा लावून त्या वचनाची धार काढून घेतली.

कायद्याच्या इतिहासाची क्रमिक पुस्तके एक सुटसुटीत सोपान देतात: आधी बेबंद सूड, मग मापाचा सूड, मग पैशाची भरपाई, आणि शेवटी राजदंड. हा सोपान मोडका आहे. हम्मुराबीच्या आधी तीनेकशे वर्षे, सुमेरमधील उर-नम्मूच्या कायद्यात, डोळा फोडल्याबद्दल चांदी तोलून द्यावयास सांगितलेली आहे. चांदी आधी आणि डोळा मागाहून, असा जेथे पुरावा आहे तेथे पैशाला सुधारणा आणि घावाला रानटीपणा म्हणून मोकळे होता येत नाही. श्रीमंताने दरडोळा ठरलेली रक्कम फेकून वाटेल त्याचे डोळे फोडीत सुटू नये, म्हणूनही डोळ्यास डोळा आला असेल. टॅलिओचे खरे कार्य दुहेरी होते: एका डोळ्याच्या वर काही घेता येणार नाही ही सूड घेणाऱ्याला मर्यादा, आणि एका डोळ्याच्या खाली काही देऊन सुटता येणार नाही ही अपराध्याला.

आपल्या देशात या तत्त्वाची जी शाखा न्यायालयांपर्यंत पोचली ती अरबी धर्मशास्त्राची, आणि तिचे नाव किसास. कुराणाने जाहिलियतच्या, म्हणजे इस्लामपूर्व काळातल्या, टोळीयुद्धांना बांध घातला तो असा की एकाच्या बदल्यात एकच. आणि त्यालाच जोडून क्षमा करणे अधिक पुण्याचे, असे सांगितले. फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, पंडितांनी यावर जी इमारत रचली तिचा आधारस्तंभ मृताचा वारस हा आहे. खून हा त्यांच्या मते प्रथमतः कुटुंबाविरुद्धचा अपराध. वारसाने किसास मागावा, किंवा दियत म्हणजे रक्तमूल्य घेऊन सोडावे, किंवा काहीही न घेता माफ करावे. काझीने पुरावा पाहावयाचा आणि वारसाचा हक्क बजावून द्यावयाचा. दियतीचे शास्त्रोक्त माप शंभर उंट, हनफी मताने रोखीत दहा हजार दिरहम. इमाम अबू हनीफांचे आणखी एक मत पुढे फार गाजले: किसास केवळ शस्त्राने केलेल्या खुनाला, दगडाने, काठीने, पाण्यात बुडवून मारले तर दियत. या न्यायाने घाशीरामाच्या कोठडीतील मृत्यूंना कोणत्याही काझीने किसास सांगितला नसता, आणि घाशीरामाला दगडांनी मारणाऱ्यांनाही नाही.

आपल्याकडील धर्मशास्त्रात किसास नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण तेथेही एका गोष्टीवर जो पडदा पडला आहे तो उचलून पाहण्यासारखा आहे. ऋग्वेदात ‘शतदाय’ आणि ‘वैरदेय’ असे शब्द येतात, आणि पहिल्याचा अर्थ ज्याच्या जिवाचे मोल शंभर गाई तो, असा लावला जातो. आपस्तंब धर्मसूत्र क्षत्रियाचा वध करणाऱ्याला हजार गाई, वैश्याचा करणाऱ्याला शंभर आणि शूद्राचा करणाऱ्याला दहा गाई वैरयातनेसाठी, म्हणजे वैर फेडण्यासाठी, द्यावयास सांगते. प्रत्येक बाबतीत प्रायश्चित्तार्थ एक बैल वर. गाई कोणाला द्यावयाच्या हे मात्र आपस्तंब सांगत नाही. बौधायन म्हणतो राजाला. भाष्यकार हरदत्त वैराचा अर्थ पाप असा करून गाई ब्राह्मणांकडे वळवितो. पाश्चात्य पंडितांनी तर्क बांधला की मुळात त्या मृताच्या आप्तांना मिळत असाव्यात, कारण वैर असते ते आप्तांचे, राजाचे किंवा पुरोहिताचे नव्हे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी, जे स्वतः मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत आणि तेथून घरी परतल्यावर धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहीत, या वादाचा साकल्याने परामर्श घेतला आहे. मला त्यात जे दिसते ते असे की या सूत्रांच्या ओळींमधून गाईंचा एक कळप घरून निघून दरबारात आणि दरबारातून यज्ञशाळेत चाललेला आहे, आणि ज्याच्या घरचे माणूस मेले तो दारात उभा राहून पाहतो आहे. हजार, शंभर आणि दहा या उतरत्या आकड्यांनी वर्णभेदाचा हिशेब किती निर्विकारपणे मांडला आहे, हेही येथेच नमूद केले पाहिजे. मनुस्मृतीत ज्या अवयवाने हीन मानलेल्याने श्रेष्ठाला इजा केली तोच अवयव तोडावा, असे जे सांगितले आहे त्याला कित्येक जण आपल्याकडचा टॅलिओ समजतात. ते चूक आहे. टॅलिओत तराजूला दोन पारडी असतात, येथे एकच.

मराठी राज्यात या दोन्ही परंपरांचे पाणी मिसळले. आदिलशाही-निजामशाहीतून आलेली काझीची परिभाषा महजरांतून (निवाडपत्रांतून) आणि करिन्यांतून (हकीगतींतून) टिकून राहिली, निवाडे मात्र गोतसभेने, देशक-देशमुखांच्या मजलिशीने आणि शास्त्र्यांनी केले. अवयवच्छेदाचे एक ठळक उदाहरण जेधे घराण्याच्या कागदांतून आपल्याला माहीत आहे: अफझलखानाला जाऊन मिळालेल्या खंडोजी खोपड्याच्या जिवासाठी कान्होजी जेध्यांनी भीड घातली, तेव्हा शिवाजी महाराजांनी जीव बक्षला, पण त्याचा उजवा हात आणि डावा पाय कलम करविला. ज्या हाताने स्वराज्यावर शस्त्र धरले आणि ज्या पायाने शत्रूच्या गोटाची वाट चालली, त्यांचा हा झाडा. यात राजा स्वतःच फिर्यादी आहे, हे ध्यानात ठेवावे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली पेशव्यांच्या रोजनिशींचे परिशीलन करून असे मत मांडले की शाहू महाराजांच्या काळापर्यंत खुनालादेखील बहुशः दंड, जप्ती आणि कैद एवढ्यावरच भागविले जाई. देहदंड आणि अंगच्छेद थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीपासून दिसू लागतात आणि नानांच्या अमदानीत त्यांचा सुकाळ होतो. खोपड्याचे उदाहरण पाहता हे विधान थोडे सैल करून घ्यावे लागेल. परंतु दिशा त्यांनी बरोबर ओळखली होती, आणि घाशीरामाचे प्रकरण त्या दिशेच्या अगदी टोकाला येते.

ह्या टोकाच्या अठरा वर्षे आधी, त्याच ऑगस्ट महिन्याच्या 30 तारखेला, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झालेला होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी या खुनाचा ठपका असलेल्या रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे सुनावले, ही परंपरा प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक आहे. तिच्यातला एक बारकावा मात्र सहसा कोणी पाहत नाही: शास्त्रीबोवांनी सांगितले ते प्रायश्चित्त, दंड नव्हे. ज्याने राजदंड चालवावयाचा तोच आरोपी असला तर त्याचा देह त्यानेच आपण होऊन टाकावा, याहून अधिक काही शास्त्राला सांगता येत नव्हते. रघुनाथरावांनी देह टाकला नाही. ते इंग्रजांकडे गेले. 1775 च्या मार्चमध्ये सुरतेला झालेल्या तहात त्यांनी साष्टी बेट आणि वसई देऊ केली, आणि साष्टी तर इंग्रजांनी वाट न पाहता, 1774 च्या डिसेंबरअखेरीस ठाण्याचा कोट सर करून आधीच गिळलेली होती. 1782 च्या सालबाईच्या तहाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. एका खुनाचे प्रायश्चित्त अंगावर घेतले गेले नाही, त्याची भरपाई एका बेटाने केली.

त्या बेटाच्या पूर्व अंगाला, ठाण्याच्या खाडीच्या खारफुटीला लागून, कुर्ला आणि भांडुप यांच्या दरम्यान विक्रोळी आहे. आज तेथे कारखान्यांच्या वसाहती, कन्नमवार नगर आणि टागोर नगर पाहणाऱ्याला हे गाव मुंबईचेच वाटते. पण अठराव्या शतकात मुंबई शीवच्या किल्ल्यापाशी संपत असे आणि खाडीच्या पलीकडे साष्टी सुरू होई. ही सीमा कायद्याचीही होती. मुंबई बेटावर गव्हर्नर आँजिअरने 1672 सालीच इंग्लंडचा कायदा आणि ज्यूरी आणली होती. साष्टीने मात्र 1534 च्या वसईच्या तहापासून दोनशे वर्षे पोर्तुगीज राजाच्या अध्यादेशांखाली काढली, ज्यांत गुन्हेगाराला राजाची माफी हवी असेल तर आधी पीडित पक्षाने दिलेली माफी सामान्यतः दाखल करावी लागे. मग 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे पडले आणि पेशव्यांचे सुभेदार आले. आणि मग कंपनी. विक्रोळीच्या एखाद्या आगरी वा कोळी कुटुंबात आजा, बाप आणि नातू यांनी आपापल्या उमेदीत तीन निरनिराळ्या राज्यांच्या कचेऱ्या पाहिल्या असतील, आणि तिन्ही ठिकाणी, नावे वेगळी असली तरी, मृताच्या घराला काही ना काही विचारले जात असे.

ते विचारणे बंद करण्याचा विचार ज्या माणसाच्या मनाने घेतला तो त्या वेळी पुण्याचा दोस्त होता. कंपनीचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याचा पेशव्यांशी टिपूविरुद्धचा तह 1790 च्या जूनमध्ये पुण्यातच झाला, आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने तो जुळविला. पुढे घाशीरामाची हकीगतही या मॅलेटने नोंदवून ठेविली. तह होऊन सहाएक महिने होतात तोच, 1790 च्या डिसेंबरात, कॉर्नवॉलिसने कलकत्त्यास बंगालच्या फौजदारी अदालतींसाठी नवे नियम जारी केले. त्यांतील गाभा दोन ओळींत सांगता येतो. खुनाचा निर्णय शस्त्रावरून नव्हे, हेतूवरून करावा, म्हणजे अबू हनीफांऐवजी त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांचे मत प्रमाण मानावे. आणि मृताच्या वारसाची इच्छा काहीही असो, शिक्षा कायद्याप्रमाणे व्हावी. वारसाने माफी द्यावी आणि खुनी मोकळा सुटावा, हा प्रकार पूर्वीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज यालाही खुपत होता. कॉर्नवॉलिसने तो मुळातून उपटला. पुढच्याच वर्षी, 1791 मध्ये, अंगच्छेदाची शिक्षाही बदलण्यात आली: दोन अवयव तोडण्याच्या जागी चौदा वर्षे सक्तमजुरी आणि एका अवयवाच्या जागी सात वर्षे. म्हणजे ज्या वर्षी पुण्याच्या दरबाराने आरोपी उचलून मृतांच्या आप्तांच्या हाती दिला, त्याच वर्षी, आप्तांच्या हातून आरोपी आधीच काढून घेतलेल्या कलकत्त्याच्या कौन्सिलने हातापायांचे भाव वर्षांत बांधून दिले; आणि त्या उन्हाळ्यात हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि कॉर्नवॉलिस यांचे तळ श्रीरंगपट्टणच्या मुलखात शेजारी शेजारी पडलेले होते.

कलकत्त्याच्या या कायद्याला मी निखळ दया म्हणणार नाही. बंगालातील दरोडेखोरी मोडावयाची, आणि खुनाचा निकाल घरोघरच्या सौद्यावर सोडून ती मोडत नाही, असा त्यामागे महसुली राज्याचा कोरडा हिशेब होता. मृताची विधवा, जिला दियतीच्या रकमेवर मुले वाढविता आली असती, तिला नव्या नियमांत काही मिळाले नाही. तिची भूमिका साक्षीदाराएवढीच उरली. ही तूट पुढे बराच काळ कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

साष्टीला हे वारे पोचले ते गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत. याच डंकनने 1798 ते 1805 या काळात शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध घातला, जो विक्रोळीला मुंबईशी पायवाटेने बांधणारा पहिला दुवा. आणि 1799 च्या कायद्यांन्वये साष्टीसाठी ठाण्यास जज्ज-मॅजिस्ट्रेटची अदालतही त्यानेच उभी केली. मुंबई इलाख्याने येथे बंगालची नक्कल केली नाही. बंगालमध्ये फौजदारी कायदा सर्वांना एकच, इस्लामी पायावरचा; मुंबईच्या कायद्यांनी ठरविले की हिंदूला हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे, मुसलमानाला शरियतीप्रमाणे, आणि ख्रिस्ती व पारशी यांना इंग्लंडच्या कायद्याच्या तत्त्वांप्रमाणे शासन व्हावे; शास्त्री आणि काझी अदालतीत मत देण्यास बसावेत. पोर्तुगीजांच्या वेळेपासून साष्टीच्या खेडोपाडी ख्रिस्ती वस्ती होतीच. तेव्हा एकाच गावात, एकाच बांधावरून झालेल्या एकाच मारामारीत तीन धर्मांचे तीन शेजारी सापडले असते तर त्यांच्या तीन घावांचे तीन हिशेब ठाण्याच्या अदालतीत निघावयाचे, अशी ही व्यवस्था. शीवच्या बांधापलीकडे मुंबईत तोच घाव चौथ्याच कायद्याने मोजला जाई, कारण तेथे रेकॉर्डरचे राजेशाही न्यायालय बसलेले होते. कागदावर ही रचना फार न्याय्य दिसते. प्रत्यक्षात ती अठ्ठावीस वर्षे चालली, यावरून मला तिच्या न्यायापेक्षा तिच्या मुनशींच्या चिकाटीचे कौतुक अधिक वाटते.

मध्यंतरी ठाण्याच्या कोटाने आणखी एक खुनाचे प्रकरण पाहिले. 1815 च्या जुलैत गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन पंढरपुरास मारले गेले. ते इंग्रजांच्या हमीवर आलेले असल्यामुळे रेसिडेंट एल्फिन्स्टनने पेशवे दुसऱ्या बाजीरावाचा लाडका त्रिंबकजी डेंगळे याची मागणी केली, आणि त्याला ठाण्यास कैदेत ठेविले. 1816 च्या सप्टेंबरात तो निसटला. या साऱ्याची जी परतफेड इंग्रजांनी 1817 च्या पुण्याच्या तहात घेतली, सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे तीन किल्ले तारण म्हणून घेऊन आणि मुलूख लिहून घेऊन, तिला कोणतेही माप नव्हते. गंगाधरशास्त्र्यांच्या मुलाबाळांनी किसास मागितला असता तर तो एका माणसाच्या जिवावर थांबला असता.

हाच एल्फिन्स्टन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि 1827 सालच्या चौदाव्या कायद्याने त्याने शास्त्री, काझी आणि इंग्रजी तत्त्वे या तिघांनाही फौजदारीतून रजा दिली. आटोपशीर, स्पष्ट, धर्म न विचारणारी अशी ही दंडसंहिता हिंदुस्थानातल्या कंपनीच्या मुलखातली पहिलीच. भारतीय दंडसंहितेचा मेकॉलेचा मसुदा तिच्यानंतर दहा वर्षांनी आला. सार्वजनिक अप्रतिष्ठेची शिक्षा तिच्यातही शिल्लक होती, म्हणजे धिंड एकदम गेली नाही; पण आरोपीला फिर्यादीच्या स्वाधीन करण्याची कल्पना तिच्यात कोठेही नाही. विक्रोळीचा खातेदार आणि ठाण्याचा बामण आता एकाच कलमाखाली आले. बोरीबंदरहून ठाण्याला जाणारी पहिली आगगाडी 1853 साली विक्रोळीच्या शेतांमधून धावली तेव्हा साष्टीत हाच कायदा चालू होता, आणि 1 जानेवारी 1862 पासून भारतीय दंडसंहितेने त्याची जागा घेतली. शीवच्या खाडीवरची कायद्याची सीमा त्या दिवशी पुसली गेली. विक्रोळीत नगरपालिकेची मुंबई येण्यास मात्र अजून अठ्ठ्याऐंशी वर्षे होती.

मृताचे घर नव्या कायद्यातून पुरते हद्दपार झाले, असेही नाही. मृत्यूस कारण होणाऱ्याविरुद्ध नुकसानभरपाई मागण्याचा हक्क पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांना 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याने दिलाच होता. आणि पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायाधीशाला असा अधिकार दिला की मृत्यू घडविल्याबद्दल दोषी ठरलेल्याकडून जो दंड वसूल होईल त्यातून त्याच हक्कदारांना रक्कम देता यावी. 1790 साली विधवेच्या हातून गेलेली दियत अशा रीतीने सरकारी दंडाच्या वाटेने, अर्धीमुर्धी आणि न्यायाधीशाच्या मर्जीने, परत आली. 2009 पासून बळींना भरपाई देण्याच्या योजना राज्यांनी कराव्यात असे कलमही त्यात शिरले.

विक्रोळीला आज दंडाधिकाऱ्याचे न्यायालय आहे, आणि चाळीतल्या नळावरची, पार्किंगवरची, सासरमाहेरची मारहाण तेथे रोज उभी राहते. साधी दुखापत हा आपसात मिटवण्याजोगा अपराध आहे. ज्याला मार बसला त्याने मान्य केले तर खटला तेथेच संपतो, आणि वकिलांच्या बाकांवर अशा समेटाच्या अर्जांचे कागद दुपारपर्यंत भरले जात असतात. घातक हत्याराने केलेली जबर दुखापत मिटविता येत नाही, खून तर नाहीच. याच मिटविण्याच्या कलमात, 1973 च्या संहितेत तीनशे विसावे आणि 2024 च्या जुलैपासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तीनशे एकोणसाठावे, एक पोटकलम आहे, ज्याच्याकडे वकीलही क्वचित वळतात: ज्याला समेट करण्याचा हक्क होता तो मनुष्य मधल्या काळात मरण पावला असेल, तर न्यायालयाच्या परवानगीने त्याच्या वारसाला तो समेट करता येतो.